साचा कोण घडवतो?

देवळाली कॅम्पच्या रहिवाशाला आज जन्माचा दाखला, नळजोडणी किंवा व्यापार परवाना हवा असेल तर ‘ई-छावणी’ पोर्टलवर अर्ज करता येतो. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी संरक्षण मंत्रालयाने हे पोर्टल देशातल्या ६२ कॅन्टोन्मेंट बोर्डांसाठी एकदम सुरू केले. देवळालीचे वेगळे आणि बाबासाहेबांचा जन्म झाला त्या महूचे वेगळे, असे ते नाही. ‘डिजिट’ या आधीच तयार असलेल्या प्लॅटफॉर्मवर प्रत्येक बोर्डाला आपापला कप्पा मिळाला. क्लाउडच्या व्यवसायातली हीच रीत आहे: साचा एकदा घडवा, सगळीकडे लावा.

यात पैसा आणि वेळ वाचतो, हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. साच्यातली चूकसुद्धा ६२ ठिकाणी पोहोचते, तिचे काय?

छावणीचाच इतिहास पाहा. ब्रिटिशांच्या फौजेत महार सैनिक पिढ्यान्‌पिढ्या होते. रामजी सुभेदार त्यांतलेच. पुढे ‘लढाऊ जातीं’चा साचा आला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोणाचे शौर्य तपासले नाही, फक्त जात पाहिली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी अर्ज केले, ते वाया गेले. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले.

दुसरा दाखला स्वतंत्र भारतातला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण बौद्ध झालो आणि त्या अटीमुळे केंद्राच्या यादीबाहेर पडलो. वस्ती तीच, भेदभाव तोच, पण कागदावर आपण अनुसूचित नव्हतो. १९९० मध्ये कायदा बदलला. एका अटीने ३४ वर्षे खाल्ली.

कृत्रिम बुद्धिमत्ता अशाच जुन्या नोंदींवर शिकते. नोंदीत जो माणूस नाही, तो यंत्रालाही दिसत नाही. कारकुनाशी निदान वाद घालता येत होता. ‘अर्ज अपात्र’ म्हणणाऱ्या पडद्याशी कसा घालणार?

म्हणून तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवून चालणार नाही. संविधान हाही एक साचाच आहे. कलम १७ एकदा लिहिले आणि देशभर अस्पृश्यता बेकायदा ठरली, कारण मसुदा समितीच्या अध्यक्षपदी बाबासाहेब होते.

येत्या जनगणनेत जात नोंदवायचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये घेतला आहे आणि ही गणना डिजिटल होणार आहे. तेव्हा रकाने ठरतानाच विचारू या: बौद्धाचा धर्म आणि जात दोन्ही नीट नोंदवता येतात का? चूक झाली तर दुरुस्त कोण करणार, किती दिवसांत? नकाराचे कारण लेखी मिळेल का?

आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी आयटीत नुसती नोकरी करू नये. साचा घडतो त्या टेबलावर बसावे आणि तिथे बोलावे.

जय भीम!