फाल्गुनरावांचा प्रवास : गद्य प्रहसनापासून संगीत नाटकापर्यंत

बऱ्हाणपूरच्या मराठी वाचकाला नाटक बहुधा प्रथम भेटते ते छापील पुस्तकाच्या रूपाने. रंगभूमी नंतर, आणि तीही पुष्कळदा भुसावळ-जळगावपर्यंत प्रवास केल्यावर. म्हणूनच ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त लिहिताना नाटकाचा विषय निवडावा असे वाटले. त्यातही गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ निवडले, कारण या नाटकाला दोन जन्म लाभले आणि दुसरा जन्म पाहण्यास त्याचा जनक हयात नव्हता.

कथाबीज परके आहे, हे सर्वश्रुत आहे. मोलिएरने 1660 साली ‘स्गानारेल’ ही छोटी पद्य प्रहसनिका रंगभूमीवर आणली व तिच्यातील संशयी नवऱ्याची भूमिका स्वतः केली. पुढे आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने त्याच धाग्यावर 1761 मध्ये पाच अंकी ‘ऑल इन द राँग’ रचले. देवलांनी मर्फीचा आधार घेऊन 1893 साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. शारदेचा अपवाद वगळता देवलांची सारी नाटके रूपांतरितच आहेत. पण त्यांची रूपांतरे वाचताना मूळ ग्रंथ शेजारी ठेवण्याची गरज भासत नाही.

या रूपांतरातील खरी अडचण भाषेची नव्हती, समाजाची होती. मर्फीची नायिका बेलिंडा प्रतिष्ठित घरातील असून स्वतःच्या पसंतीने प्रियकर निवडते, त्याच्याशी रुसते-भांडते. 1893 च्या मराठी घरात अशी उपवर कन्या दाखवणे अशक्यच होते. देवलांनी तिला मघा नायकिणीची मुलगी केले. या एका निर्णयाने प्रणयाला मोकळीक मिळालीच, शिवाय नाटकात नवा पेच आला : कुलीन अश्विनशेठ या मुलीशी विवाह करणार की नाही? मर्फीच्या नाटकात हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते देवलांची स्वतंत्र प्रतिभा येथे दिसते, विनोदी प्रसंगांत ती शोधण्याचे कारण नाही. पात्रांची नावे हा त्यांचा आणखी एक खेळ. पुरुष फाल्गुन, अश्विन, वैशाख अशा महिन्यांचे, तर स्त्रिया कृत्तिका, रेवती, मघा अशा नक्षत्रांच्या.

घोटाळ्याचे मूळ एका तसबिरीत आहे. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात, ते कृत्तिकाबाई पाहतात; रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर तेथेच पडते व कृत्तिकेच्या हाती लागते. मग नवऱ्याला बायकोचा संशय, बायकोला नवऱ्याचा, आणि बघता बघता प्रियकरालाही प्रेयसीचा!

किर्लोस्कर मंडळीतून फुटून 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. तिच्यासाठी देवलांनी फाल्गुनरावाला पदांची जोड देऊन ‘संशयकल्लोळ’ सिद्ध केले. 14 जून 1916 रोजी देवल निवर्तले. नाटक त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात, रंगभूमीवर आले. रेवती बालगंधर्वांची, फाल्गुनराव बोडसांचे. (बालगंधर्वांचे बालपणीचे काही दिवस आपल्या शेजारच्या जळगावात गेले, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.)

नायकिणीची मुलगी गाते, यात अस्वाभाविक काहीच नाही. त्यामुळे पदे ठिगळासारखी वाटली नाहीत. फाल्गुनरावाची भूमिका मात्र मुख्यतः गद्यच राहिली. एकाच नाटकात अशा प्रकारे दोन रंगभूमी नांदू लागल्या, एक बोडसांच्या संवादफेकीची आणि दुसरी बालगंधर्वांच्या गळ्याची. त्यांचे सख्य नेहमीच टिकले असे नाही. संशयाच्या विनोदाला वेग लागतो. एकेका पदाला दोनदोन ‘वन्समोअर’ पडले की फाल्गुनरावाचा संशय विंगेत ताटकळत बसे. रसिकांना त्याचे वैषम्य वाटले नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे छोटा गंधर्वांनी अश्विनशेठ इतका गाजवला, की नाटकाचा तोल नायिकेकडून नायकाकडे झुकला. स्वातंत्र्यानंतर गोवा हिंदु असोसिएशनने हे नाटक पुन्हा उभे केले, तेव्हा रामदास कामतांनी तीच भूमिका केली. तोवर स्त्रीभूमिका स्त्रियाच करू लागल्या होत्या. लुगडे नेसलेल्या पुरुषाने ‘नवरा भलतीकडे पाहतो’ म्हणून कांगावा करणे आणि एका स्त्रीने तोच त्रागा करणे, यांतील हशा सारखा नसतो. कृत्तिकेचे दुखणे आता खरे वाटू लागले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रशांत दामले यांचा फाल्गुनराव व राहुल देशपांडे यांचा अश्विनशेठ अशी जोडी रंगभूमीवर आली आणि बोलणारा व गाणारा अशी ती जुनी वाटणी पुन्हा एकदा प्रेक्षकांसमोर उभी राहिली.

1893 चे गद्य ‘फाल्गुनराव’ मात्र आता कोणी करीत नाही. ते वाचावयाचे तर ग्रंथालयाचे कपाटच उघडावे लागते.