तांबडी शाई आणि पोष्टमास्तर
(इंग्रजीच्या भाषाभ्यासाची प्रस्तावना)

आठवीतल्या माझ्या इंग्रजीच्या वहीत एक वाक्य तांबड्या शाईनं खोडलेलं होतं: ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टर्डे.’ खोडलं गेलं होतं फक्त ‘हॅव’. का, ते बाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, आणि पुढच्या चाचणीत तेच वाक्य पुन्हा तसंच लिहून आलो. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर तीच चूक वर्षानुवर्षं वह्यांमध्ये भेटत राहिली. इतकी मुलं एकमेकांना न विचारता नेमकी एकच चूक करत असतील, तर तिला निष्काळजीपणा कसं म्हणायचं?

उत्तर घरातच होतं. ‘मी त्याला कालच सांगितलंय’ हे आपलं रोजचं बोलणं. ‘सांगितलंय’मध्ये ‘आहे’ दडलेलं आहे आणि त्याला ‘काल’शेजारी बसायला काही संकोच वाटत नाही. इंग्रजीतलं ‘हॅव’ मात्र क्रियेला आजच्या दावणीला बांधतं. ‘यस्टर्डे’ आलं की दोघांचं जमत नाही. मूल मराठीचा नियम चोख पाळत होतं, एवढंच.

गुण द्यायचे असतील तर शाई तांबडीच हवी. अभ्यास करायचा असेल तर ती थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते. इंग्रजीचा भाषाभ्यास म्हणजे अधिक शुद्ध इंग्रजी लिहायची शिकवणी, असं समजून या विषयाकडे येणारे बरेच असतात. त्यांची निराशा होईल, पण ती लवकर झालेली बरी. लोक काय बोलतात, ते तसंच का बोलतात, आणि काय कधीच बोलत नाहीत, हे इथले प्रश्न आहेत. स्वनविचार, रूपविचार, वाक्यविचार, अर्थविचार ही प्रकरणांची नावं पाहून दचकू नका. त्यातलं पुष्कळसं तुमच्या तोंडात आधीच आहे.

खात्री करून घ्यायची तर कागदाचा एक पातळ कपटा ओठांपुढे धरा. लंडनचा माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा असा कपटा उडतो. ‘स्पिन’ म्हणतो तेव्हा जवळजवळ हलत नाही. म्हणजे त्याच्याकडे दोन ‘प’ आहेत, एक श्वासाच्या झोताचा आणि एक बिनझोताचा. पण त्याला हे माहीतच नसतं, कारण त्या फरकानं त्याच्या भाषेत अर्थ बदलत नाही. आपल्याकडे बदलतो: कडा वेगळा, खडा वेगळा. म्हणून अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपल्याला पाटीवरच शिकवला जातो, तर इंग्रज विद्यार्थ्याला तो भाषाविज्ञानाच्या वर्गात जाऊन शिकावा लागतो. गंमत अशी की हा भेद कळत असूनही आपण ‘पेन’ बिनझोतानं म्हणतो, आणि तिकडच्या कानाला कधीकधी ते ‘बेन’ ऐकू येतं.

इंग्रजीच्या स्पेलिंगला शिव्या न दिलेला मराठी माणूस मला भेटलेला नाही. के-एन-आय-जी-एच-टी लिहायचं आणि ‘नाइट’ म्हणायचं, हा काय न्याय? पण चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळी, तो ‘के’ खरोखर ऐकू येत होता आणि ‘जी-एच’च्या जागी ‘ख’सारखा घशातला आवाज होता. विल्यम कॅक्स्टननं 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला; पुढे छापील स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. याच काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर मात्र एकामागून एक जागा सोडत होते. अक्षरं मागे राहिली, उच्चार पुढे निघून गेला. कॅक्स्टन स्वतःही या भाषेला वैतागलेला होता. 1490 च्या एका पुस्तकात तो हकीकत सांगतो: वारा पडल्यामुळे अडकलेले काही व्यापारी किनाऱ्यावर उतरले, त्यातल्या एकानं एका बाईकडे अंडी मागितली, ‘एग्ज’ म्हणून. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! दुसऱ्यानं ‘आयरन’ मागितले तेव्हा कुठे तिला कळलं. ‘एग्ज’ स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचा शब्द, ‘आयरन’ जुना देशी, टिकला पाहुणा. ही हकीकतही प्रस्तावनेतच आहे, म्हणून ती इथे सांगायचा मोह आवरला नाही.

याहून मागे गेलं तर नातं थेट आपल्या दारात येतं. दोन-टू, दहा-टेन, दात-टूथ: आपल्या ‘द’समोर त्यांचा ‘ट’ पुन्हापुन्हा उभा राहतो. परीकथांमुळे ठाऊक असलेल्या याकोब ग्रिमनं 1822 मध्ये अशा जोड्या नियमात बसवल्या. दोन शब्द सारखे दिसले म्हणून कुणी नातेवाईक ठरत नाही. फरक नियमानं पडत असेल, तरच नातं.

आणि आजची इंग्रजी? तिच्यासाठी कोल्हापूरला यावं लागेल. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात 1961 च्या छापील मजकुरातून पाचशे नमुने, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे, म्हणजे एकूण दहा लाख शब्द संगणकावर गोळा केले गेले. ब्रिटिश इंग्रजीचा तसाच संग्रह झाला. भारतीय इंग्रजीचा झाला तो शिवाजी विद्यापीठात, प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली, आणि जगभरचे अभ्यासक त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच ओळखतात. इथल्या इंग्रजी विभागांत या नावाचा जेवढा उल्लेख व्हायला हवा तेवढा मला ऐकू आलेला नाही. त्यातला मजकूर मात्र 1978 चा आहे. तेव्हा एखादा फरक हाती लागला तर नाचू नका: तो देशाचा आहे की मधल्या सतरा वर्षांचा, हे आधी तपासावं लागतं.

पहिला गृहपाठ एसटी स्टँडवरचा. वही घेऊन बसा आणि जुन्या माणसांच्या तोंडचे इंग्रजी शब्द ऐका. एसटीची ‘यष्टी’ होते. ‘यस्टी’ का नाही? शेजारी ‘ट’ आला की ‘स’ची जीभ आधीच मागे वळते आणि ‘ष’ होतो. पाणिनीनं संस्कृतसाठी हा नियम सांगून ठेवला आहे आणि तिकिटाच्या रांगेतले आजोबा तो न वाचता पाळतात. ‘त’ शेजारी असेल तर ‘स’ला काही होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात हव्या असतील, तर जुन्या मराठी पुस्तकांतला ‘पोष्टमास्तर’ पाहा.