इलियडमधली धुण्याची कुंडे

होमरचे ‘इलियड’ हे ट्रॉयच्या युद्धाचे ग्रीक महाकाव्य. सर्ग 24, आणि रक्तपात इतका की मध्येच पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. तरी मला त्यात सारखे घर दिसत राहते.

बाराव्या सर्गात दोन्ही सैन्ये अटीतटीने लढतात, कोणी मागे हटत नाही. कवी उपमा कशाची देतो? मुलांच्या पोटासाठी राबणाऱ्या प्रामाणिक बाईच्या तराजूची. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात लोकर, दोन्ही समान. चौथ्या सर्गात अथेना मेनेलाउसवर आलेला बाण बाजूला सारते, तोही निजलेल्या बाळावरची माशी आईने हाकलावी तसा.

बाविसाव्या सर्गात अकिलीस हेक्टरच्या पाठी लागतो. ट्रॉयभोवती तीन फेऱ्या होतात. वाटेत दोन झरे, एक ऊन पाण्याचा, एक गार. शेजारी दगडी कुंडे. ग्रीक येण्यापूर्वी, शांततेच्या दिवसांत, ट्रॉयच्या लेकीसुना तिथे धुणे धूत. माणूस जीव मुठीत धरून पळतोय आणि कवी धुण्याचे सांगतोय! काय हरवले ते दुसऱ्या कशाने कळले असते? चौथ्यांदा झऱ्यांशी पोचल्यावर झ्यूस सोन्याचा तराजू उचलतो. या वेळी पारडी समान राहत नाहीत, हेक्टरचे खाली जाते.

तिकडे घरात त्याची बायको अँड्रोमाकी मागावर फुले विणत बसलेली. नवरा रणातून येईल म्हणून तिने दासींना न्हाणीचे पाणी तापत ठेवायला सांगितले आहे. तटाकडून आक्रोश ऐकू येतो, आणि तिच्या हातातला धोटा खाली पडतो.