निवांत शिकण्याचा वेळ कुठून येतो?

होमस्कूलिंग करणाऱ्या आईला वेळ पुरत नाही, ही तक्रार खरी असली तरी अर्धी आहे. मुलाने निवांत शिकायचे तर मोकळा वेळ लागतो आणि त्या वेळात आईचे चित्तही ठिकाणावर लागते. यातले काय कमी पडते, हे मुलांच्या वयाबरोबर बदलत जाते. त्यामुळे एका वर्षी उत्तम चाललेले वेळापत्रक पुढच्या वर्षी कोलमडते. त्यात आईचा दोष नसतो.

आधी वेळ. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. अभ्यासाला बसण्याआधीच पाच तास गेले. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी सहसा वीस मिनिटांहून मोठा पाठ ठेवला नाही; सारे पाठ सकाळी अडीच तासांत उरकायचे आणि दुपार मोकळी. मांडणी आजही चोख आहे. मात्र बाई स्वतः अविवाहित होत्या आणि त्यांचा अभ्यासक्रम टपालाने मागवणाऱ्या अनेक घरांत शिकवायला गव्हर्नेस असे. भांडी कोण घासणार, हे ठरवल्याशिवाय ती मोकळी दुपार आपल्याकडे अवतरत नाही.

बाईंची खरी देणगी वेगळीच आहे. उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो लगेच स्वतःच्या शब्दांत सांगायचा. वाचताना आईचे डोळे गुंततात, ऐकताना फक्त कान. त्यामुळे आई मेथी निवडत बसली तरी पाठ चालू राहतो. मुलगी गांडुळाबद्दल सांगत असते. माती भुसभुशीत होते इथपर्यंत गाडी सुरळीत येते, पण गांडूळ श्वास कसा घेते तिथे ती अडखळते आणि थेट पावसावर उडी मारते. काय समजले नाही, ते आईला तिथेच कळते. मध्ये टोकायचे नाही, हे पथ्य. आणि तेच सर्वांत अवघड.

तान्हे बाळ घरात असते तेव्हा तुटवडा असतो झोपेचा. अशा वेळी सोमवारी भूगोल, मंगळवारी चित्रकला असे वार ठरवले की बुडालेल्या वारांची बाकी साचते. त्याऐवजी विषयांचा नुसता क्रम लावावा आणि जिथे थांबलो तिथून पुढे जावे. आठवडा आजारपणात गेला तरी काही ‘मागे पडत’ नाही. मुले सात ते अकराच्या घरात आली की इतिहास आणि गोष्टी सर्वांना एकत्र, गणित प्रत्येकाला वेगळे, एवढ्याने बरेच भागते.

दहावी जवळ आली की वेळ असूनही आईचा धीर सुटतो. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म भरला की सगळे विषय सहसा एकाच परीक्षेच्या तोंडाशी येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, नोंदणी पाच वर्षे टिकते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि विषय सुटे-सुटे देता येतात. आधी मराठी आणि चित्रकला, गणित पुढच्या सत्रात, अशी वाटणी जमते. फक्त ‘यंदा दहावी ना?’ या प्रश्नाला प्रत्येक लग्नात उत्तर देण्याची तयारी ठेवावी लागते.