परळची लस आणि पवईची पेशी

रोग बाहेरून येतो आणि त्यावरचें औषधही बाहेरूनच येतें, अशी आपली जुनी समजूत आहे. ह्या दोहोंच्या झगड्यांत शरीर म्हणजे केवळ रणभूमि, असें आपण गृहीत धरतों. गेल्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासानें मात्र ही समजूत अपुरी ठरविली आहे. लढणारें सैन्य बहुधा शरीराचें स्वतःचेंच असतें. वैद्यकानें त्यास शत्रूची ओळख करून द्यावयाची. हा इतिहास जाणण्यासाठीं चारकोपसारख्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकास फार दूर जावयास नको. त्याचीं दोन ठळक प्रकरणें ह्याच मुंबईंत, परळ आणि पवई येथें, लिहिलीं गेलीं आहेत.

विचाराचा उगम अर्थात् समुद्रापलीकडचा आहे. १८८२ सालीं सिसिली बेटावरील मेसिना येथें एली मेच्निकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या बाल्यावस्थेंतील पारदर्शक शरीरांत एक कांटा खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों त्या कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या वस्तूस गिळूं पाहणाऱ्या ह्या पेशींस भक्षक पेशी असें नांव मिळालें. मेच्निकॉफच्या ओडेसा येथील शिष्यांपैकीं एक वाल्देमार हाफकिन. गुरूच्या मागोमाग तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत गेला आणि पुढें हिंदुस्थानांत आला.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनीं प्लेग ओळखला. ऑक्टोबरांत हाफकिन मुंबईंत दाखल झाला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत कामास लागला. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले म्हणजे त्यांच्या आधारानें जंतूंच्या झुंबरासारख्या लोंबत्या वाढी होत. ते जंतु उष्णतेनें मारून त्यानें लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःसच टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. राजीखुषीनें पुढें आलेल्या सुमारें दीडशें कैद्यांस लस देण्यांत आली. बाकीच्यांनीं ती घेतली नाहीं. टोचण्याच्या वेळींच ज्यांच्या अंगांत रोग भिनला होता ते वगळतां, टोचलेल्यांपैकीं दोघे आजारी पडले व दोघेही वांचले. न टोचलेल्यांपैकीं बारा जण आजारी पडले आणि सहा दगावले.

‘राजीखुषीनें’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. त्याच वर्षीं पुण्यांत प्लेगनिवारणाच्या नांवाखालीं सोल्जर घरांत शिरत होते. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्रीं रँडवरील गोळीबारांत झाला. इकडे मुंबईंत तरुण आगाखानांनीं आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली आणि लोकांची भीति घालविली. पण विश्वास मिळविण्यापेक्षां गमावणें सोपें. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल येथें एकाच बाटलींतील लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. हाफकिनवर ठपका आला. तो दूर होण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. तथापि १८९९ पासून परळास असलेल्या प्रयोगशाळेंतून लसीच्या कोट्यवधि मात्रा बाहेर पडल्या. १९२५ सालीं त्या संस्थेस हाफकिनचेंच नांव देण्यांत आलें.

मृत जंतु टोचल्यावर शरीरांत नेमकें काय घडतें, हें त्या काळीं पुरतें उमगलें नव्हतें. आज आपण जाणतों कीं भक्षक पेशी जंतु गिळतात आणि त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडतात. ते पाहून टी-पेशींपैकीं, आणि जंतूस थेट ओळखून बी-पेशींपैकीं, ज्या थोड्यांस खूण जुळते, त्याच झपाट्यानें वाढतात. बी-पेशींपासून जंतूस जखडणारीं प्रतिद्रव्यें निर्माण होतात. लढाई संपली तरी कांहीं पेशी ती आठवण घेऊन मागें राहतात. लस ही अशी लढाईवांचूनची आठवण होय.

कर्करोगाची गोष्ट निराळी. येथें शत्रु घरांतच जन्मलेला असतो. संसर्गानें वा जनुकांच्या बिघाडानें संकटांत सांपडलेली पेशी पुष्कळदां आपल्या अंगावर संकटाच्या खुणा उभारते. १९७० नंतरच्या दशकांत ओळखल्या गेलेल्या नैसर्गिक मारक पेशी अशा खुणा दिसल्या, किंवा ‘मी तुमचीच’ हें सांगणारी नेहमींची ओळखखूण नाहींशी झाली, तर त्या पेशीचा नाश करतात. परंतु कर्करोगाच्या पेशी ह्या पहाऱ्यासही चकवूं शकतात.

तेव्हां पहारेकऱ्यासच नवी दृष्टि द्यावी, हा पवईच्या आय. आय. टी. मधील प्रा. राहुल पुरवार व टाटा मेमोरियलचे डॉक्टर ह्यांच्या प्रयत्नाचा गाभा. रुग्णाच्या रक्तांतील टी-पेशी काढावयाच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारें त्यांत एक जनुक घालावयाचें, आणि त्या वाढवून रुग्णास परत द्यावयाच्या. मग त्या सीडी-१९ ही खूण असलेल्या बी-पेशी हुडकून मारतात. कांहीं प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांवरील ह्या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारी मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्यें पवईस राष्ट्रपतींच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. त्यास मर्यादा आहेत. तीच खूण निरोगी बी-पेशींवरही असल्यामुळें त्याही मरतात. खवळलेल्या पेशींमुळें रुग्णास तीव्र ताप येऊं शकतो. आणि कित्येकांत रोग उलटतोही.

किंमतीचा प्रश्न तर सर्वांत बिकट आहे. अमेरिकेंतील अशा उपचाराच्या मानानें येथील खर्च सुमारें एकदशांश; पण तोही कित्येक लाखांचा, म्हणजे सामान्य कुटुंबास घर विकावयास लावणारा आहे. परळची लस तुरुंगांतल्या कैद्यापर्यंत पोंचली, म्हणूनच ती लोकांची झाली. पवईच्या पेशीस तो पल्ला अजून गांठावयाचा आहे. शरीरांतील सैन्यास शिकविण्याची विद्या आपण हस्तगत केली. ती गरिबाच्या दारापर्यंत नेण्याचें काम प्रयोगशाळेचें नव्हे, तें समाजाचें आहे.