जामखेडची पाठशाळा

वैद्यकाचें शिक्षण म्हटलें कीं मोठालीं महाविद्यालयें आणि जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढें येतात. आज मी ज्या पाठशाळेची हकीकत सांगणार आहें, ती नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी कोपऱ्यांत, जामखेड येथें भरली. आणि तिच्या कित्येक विद्यार्थिनींना स्वतःचें नांवही लिहितां येत नव्हतें.

तिचे आचार्य डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून उभयतांनीं याच जिल्ह्यांत वडाळ्याच्या मिशन इस्पितळांत कांहीं वर्षें काम केलें. तेथें एक गोष्ट त्यांच्या मनास बोचली. बरा करून घरीं धाडलेला रोगी त्याच रोगानें पुन्हां दारांत येई. रोगाचें मूळ घाण पाण्यांत, अर्धपोटीं राहण्यांत आणि अज्ञानांत होतें. तेथवर इस्पितळाचा हात पोहोंचत नव्हता. मग अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें अध्ययन करून १९७० सालीं त्यांनीं जामखेडला बिऱ्हाड मांडलें.

प्रथम त्यांनीं खेड्यांत शिकलेल्या परिचारिका धाडल्या. पण त्या तेथें रुळल्या नाहींत. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडावी असें ठरलें. या बायांत दलितही पुष्कळ होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, बाळंतपण कसें करावें, जुलाबानें सुकलेल्या मुलास मीठ-साखरेचें पाणी कसें पाजावें, हें तोंडीं शिकत आणि जातपात विसरून एका पंक्तीस जेवत. १९७१ सालीं त्या भागांत हजार अर्भकांमागें १७६ दगावत. पुढील पंधरा वर्षांत तो आंकडा पन्नाशीच्या आसपास उतरला.

जगानेंही याची दखल घेतली. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथांत जामखेडचा वृत्तांत छापला गेला. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पुढें देशोदेशींचे डॉक्टर येथें शिकावयास येऊं लागले, आणि त्यांस शिकवावयास याच बाया उभ्या राहिल्या! मेबलबाई १९९९ मध्यें व डॉ. आरोळे २०११ मध्यें निवर्तले. पाठशाळा मात्र मागें राहिली.

मी स्वतः केवळ मॅट्रिक. तरीही फळ्यापुढें उभें राहून जन्मभर मीं ज्ञान अक्षरांनींच मोजलें. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला शिकवितां येत नाहीं, असें मानीत आलों. जामखेडनें माझा हा हिशेब चुकीचा ठरविला. मीं मागल्या बांकावर बसविलेल्या मुलांचे चेहरे आतां एकेक करून आठवतात.