यूएसबी ड्राइव्ह न ओळखला जाणे

यूएसबी ड्राइव्ह न ओळखला जाणे ही संगणकाच्या दैनंदिन वापरातील एक सर्वसामान्य अडचण आहे. पोर्टला जोडलेला पेनड्राइव्ह किंवा बाह्य हार्ड डिस्क संगणकाला अजिबात न दिसणे, दिसूनही न उघडणे, अथवा उघडण्यापूर्वी फॉरमॅट करण्याची सूचना येणे, अशा तीन रूपांत ती आढळते. सैल जोडणी, अपुरा वीजपुरवठा, बिघडलेला ड्रायव्हर, खराब झालेली फाइल प्रणाली, विषाणू आणि निकामी झालेली चिप ही तिची प्रमुख कारणे होत. बहुतेक वेळा ड्राइव्हच्या किमतीपेक्षा त्यातील माहिती अधिक मोलाची असते. त्यामुळे ड्राइव्ह वापरण्यायोग्य करणे आणि त्यातील माहिती वाचवणे ही दोन वेगळी कामे मानली जातात. पहिल्या कामासाठी केलेला उपाय दुसरे काम अशक्य करू शकतो.

पार्श्वभूमी

यूएसबी मानकाची १.० ही आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटेल कंपनीत हे मानक विकसित करणाऱ्या चमूत बडोद्यात शिक्षण झालेले अभियंते अजय भट्ट यांचा प्रमुख सहभाग होता. त्यानंतर २००० साली सेकंदाला ४८० मेगाबिट वेगाची २.० आणि २००८ साली ५ गिगाबिट वेगाची ३.० आवृत्ती आली. पेनड्राइव्हमध्ये वापरली जाणारी फ्लॅश स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी विकसित केली. सन २००० च्या अखेरीस पहिले पेनड्राइव्ह बाजारात आले तेव्हा त्यांची क्षमता अवघी ८ एमबी होती. पुढील काही वर्षांत त्यांनी फ्लॉपी आणि सीडी या दोन्ही माध्यमांची जागा घेतली.

ओळख पटण्याची प्रक्रिया

ड्राइव्ह जोडल्यापासून फाइल दिसेपर्यंत पुढील टप्पे क्रमाने पार पडतात. अडचण कोणत्या टप्प्यावर आहे हे कळले, की कारण शोधणे सोपे जाते.

१. वीजपुरवठा : यूएसबी २.० च्या जोडणीत चार संपर्कपट्ट्या असतात. त्यांपैकी दोन विजेसाठी (५ व्होल्ट आणि भूसंपर्क) आणि दोन माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात. पोर्टकडून एका उपकरणाला कमाल ५०० मिलीअँपिअर, तर यूएसबी ३.० मध्ये ९०० मिलीअँपिअर प्रवाह मिळू शकतो.

२. उपस्थितीची जाणीव : उपकरण आपल्यातील रोधकाद्वारे माहितीच्या एका तारेचा दाब वाढवते. त्यावरून काहीतरी जोडले गेल्याचे संगणकाला समजते.

३. परिचय : संगणक उपकरणाकडे त्याचे वर्णन मागतो. उपकरण उत्पादकाचा व उत्पादनाचा क्रमांक सांगते आणि संगणक त्याला १ ते १२७ पैकी एक पत्ता देतो.

४. ड्रायव्हरची निवड : मिळालेल्या वर्णनावरून संचालन प्रणाली योग्य ड्रायव्हर जोडते.

५. फाइल प्रणालीचे वाचन : ड्राइव्हवरील विभाग व फाइल प्रणाली वाचून संचालन प्रणाली त्याला एक अक्षर (उदा. ई किंवा एफ) देते आणि फाइल दिसू लागतात.

लक्षणे व निदान

ड्राइव्ह लावल्यावर आवाज, दिवा किंवा संदेश यांपैकी काहीच न आढळल्यास बिघाड पहिल्या दोन टप्प्यांत असतो. विंडोजमध्ये ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असा संदेश आल्यास उपस्थिती कळली, पण परिचय पूर्ण झाला नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये बहुधा ‘कोड ४३’ ही त्रुटी दिसते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्ह दिसतो, पण त्याला अक्षर नाही, असे आढळल्यास दोष शेवटच्या टप्प्यावरील आणि किरकोळ असतो. विभागापुढे ‘रॉ’ असे लिहिलेले असल्यास फाइल प्रणाली वाचता आलेली नसते. ‘नो मीडिया’ असे दिसल्यास ड्राइव्हमधील नियंत्रक चिप उत्तर देते, पण स्मृती चिपपर्यंत पोहोचत नाही. हा बहुधा हार्डवेअरचा दोष असतो.

लिनक्समध्ये ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने जोडलेल्या उपकरणांची यादी आणि ‘डीमेसेज’ने जोडणीच्या वेळचे संदेश पाहता येतात. मॅक संगणकात हे काम डिस्क युटिलिटी करते. दोष संगणकात आहे की ड्राइव्हमध्ये, हे ठरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे अदलाबदल होय. तोच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला आणि दुसरा चालू ड्राइव्ह त्याच पोर्टला लावून पाहिला जातो.

कारणे व उपाय

जोडणी आणि वीज

पोर्टमध्ये साचलेली धूळ, गंजलेल्या संपर्कपट्ट्या आणि सैल झालेले पोर्ट यांमुळे जोडणी तुटक होते. डेस्कटॉप संगणकाच्या पुढील बाजूची पोर्टे आतील तारेने मदरबोर्डला जोडलेली असतात. ती तार सैल किंवा खराब असल्यास ड्राइव्ह दिसत नाही. म्हणून ड्राइव्ह प्रथम मागील बाजूच्या, म्हणजे थेट मदरबोर्डवरील पोर्टला लावून पाहावा. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबमध्ये एकाच पोर्टची वीज अनेक उपकरणांत वाटली जाते, त्यामुळे बाह्य हार्ड डिस्क सुरूच होत नाही. संगणक पूर्ण बंद करून त्याची वीजजोडणी काही मिनिटे काढून ठेवल्यास अडकलेले पोर्ट पुन्हा कार्यरत होऊ शकते.

ड्रायव्हर व संचालन प्रणाली

डिव्हाइस मॅनेजरमध्ये संबंधित नोंद काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केल्यास विंडोज ड्रायव्हर नव्याने बसवते. यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा असते. ती काढल्यास मधूनच नाहीसा होणारा ड्राइव्ह स्थिर राहू शकतो. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर अंगभूत नव्हता. त्यामुळे नव्या संगणकावर ही प्रणाली टाकल्यास निळ्या रंगाची पोर्टे वेगळा ड्रायव्हर मिळेपर्यंत निष्क्रिय राहत. काही कार्यालये व बँका सुरक्षिततेसाठी यूएसबी साठवण मुद्दाम बंद ठेवतात. तेथे ड्राइव्ह न दिसणे हा बिघाड नसतो.

ड्राइव्हचे अक्षर

ड्राइव्हला अक्षर मिळालेले नसल्यास, किंवा ते नेटवर्कवरील ड्राइव्हच्या अक्षराशी जुळत असल्यास, डिस्क मॅनेजमेंटमध्ये दुसरे अक्षर देता येते. या कृतीने माहितीला धक्का लागत नाही.

फाइल प्रणाली

लिनक्सची ईएक्सटी४ किंवा मॅकची एपीएफएस फाइल प्रणाली असलेला ड्राइव्ह विंडोजला वाचता येत नाही. विंडोज तो ‘फॉरमॅट करा’ असे सुचवते, मात्र ड्राइव्ह पूर्णपणे निर्दोष असू शकतो. उलटपक्षी, टीव्ही आणि वाहनांतील अनेक म्युझिक प्लेअर केवळ एफएटी३२ प्रणाली वाचतात. त्यांत एनटीएफएसचा ड्राइव्ह चालत नाही. एफएटी३२ मध्ये एका फाइलचा आकार ४ जीबीपर्यंतच असू शकतो, म्हणून लांबीचे चित्रीकरण साठवण्यासाठी २००६ साली आलेली एक्सफॅट ही प्रणाली वापरली जाते.

फाइल लिहिली जात असताना ड्राइव्ह उपटल्यास किंवा वीज गेल्यास फाइल प्रणालीतील नोंदी अर्धवट राहतात. विंडोजमधील चेकडिस्क ही आज्ञा अशा नोंदी दुरुस्त करते. तथापि दुरुस्ती करताना ती ड्राइव्हवर लिहिते आणि जुळत नसलेल्या नोंदी काढून टाकते. त्यामुळे माहितीची दुसरी प्रत नसल्यास तिचा वापर आधी करू नये.

विषाणू

‘शॉर्टकट व्हायरस’ या नावाने ओळखले जाणारे विषाणू मूळ फाइल लपवून त्याच नावाचे शॉर्टकट दाखवतात. माहिती नष्ट झाल्याचा समज होतो, परंतु ती बहुधा ड्राइव्हवरच असते. शॉर्टकट न उघडता प्रतिविषाणू आज्ञावलीने तपासणी करावी आणि नंतर ‘अ‍ॅट्रिब’ आज्ञेने फाइलींवरील लपवण्याची खूण काढावी. ड्राइव्ह लावताच आज्ञावली आपोआप चालू होण्याची सोय असे विषाणू पसरण्यास मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. विंडोज ७ मध्ये यूएसबी ड्राइव्हसाठी ती ठेवलेली नव्हती. जुन्या आवृत्त्यांतील ही सोय मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मधील अद्ययावनाद्वारे बंद केली. भारतात सायबर स्वच्छता केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये उपलब्ध करून दिलेल्या मोफत साधनांत सी-डॅकने विकसित केलेले ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधन होते.

चिप निकामी होणे आणि बनावट क्षमता

फ्लॅश स्मृतीच्या पेशींवर मर्यादित वेळाच लिहिता येते. ही मर्यादा संपत आल्यावर काही ड्राइव्ह केवळ वाचता येण्याच्या स्थितीत जातात. अशा वेळी माहिती तातडीने अन्यत्र हलवावी. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या काही ड्राइव्हच्या नियंत्रकात प्रत्यक्षाहून मोठी क्षमता नोंदवलेली असते. खरी जागा संपल्यावर लिहिलेल्या फाइल यादीत दिसतात, पण उघडत नाहीत. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि ‘एफ३’ या मोफत आज्ञावली संपूर्ण ड्राइव्ह भरून व पुन्हा वाचून खरी क्षमता दाखवतात. नवा ड्राइव्ह वापरात आणण्यापूर्वी ही चाचणी करावी.

माहितीची पुनर्प्राप्ती

ड्राइव्हमधील माहिती अन्यत्र नसल्यास फॉरमॅटची सूचना नाकारावी आणि ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नये. क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींची यादी कोरी होते, प्रत्यक्ष मजकूर बराच काळ तसाच राहतो. विंडोज व्हिस्टापासून पुढील आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट मात्र संपूर्ण ड्राइव्हवर शून्ये लिहिते, त्यानंतर पुनर्प्राप्ती शक्य होत नाही.

प्रथम ड्राइव्हची हुबेहूब प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेतली जाते आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर केले जातात. लिनक्समधील ‘डीडीरेस्क्यू’ ही आज्ञावली वाचता न येणारे भाग वगळून प्रथम चांगला भाग उतरवून घेते. ‘टेस्टडिस्क’ हरवलेले विभाग शोधते, तर ‘फोटोरेक’ फाइल प्रणालीकडे दुर्लक्ष करून छायाचित्रे व दस्तऐवज त्यांच्या अंतर्गत खुणांवरून ओळखते. या दोन्ही आज्ञावली मुक्त स्रोत आहेत. ‘फोटोरेक’ने मिळालेल्या फाइलींची मूळ नावे सहसा मिळत नाहीत. सापडलेल्या फाइल त्याच ड्राइव्हवर साठवू नयेत.

ड्राइव्ह गरम होत असल्यास, त्याचे टोक वाकले असल्यास किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास घरगुती प्रयत्न थांबवावेत. केवळ टोकाचे डाग तुटले असतील, तर कुशल कारागीर ते पुन्हा जोडून ड्राइव्ह एकदा वाचण्याइतपत चालू करू शकतो. नियंत्रक व स्मृती एकाच तुकड्यात असलेल्या छोट्या ड्राइव्हच्या बाबतीत हे काम अतिशय अवघड असते.

मोहोळ व ग्रामीण महाराष्ट्रातील संदर्भ

सोलापूर–पुणे राष्ट्रीय महामार्गावर, सोलापूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी पेनड्राइव्ह अनेक हातांतून आणि संगणकांतून फिरतो. टंकलेखन व झेरॉक्सचे दुकान, फ्लेक्स छपाई, छायाचित्रकाराचा स्टुडिओ आणि संगणक प्रशिक्षण वर्ग येथे तो लावला जातो. एका संगणकावरील विषाणू अशा रीतीने थोड्याच वेळात अनेक ठिकाणी पोहोचतो. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे ग्रामीण भागात संगणकाचा परिचय झपाट्याने वाढला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात राज्याच्या ग्रामीण भागात दररोज होणारे भारनियमन हे फाइल अर्धवट राहण्याचे एक नित्याचे कारण होते. वीज जाताच डेस्कटॉप संगणक बंद पडत असल्याने यूपीएस नसलेल्या ठिकाणी ही जोखीम आजही आहे.

ऊस वाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टरवर लावल्या जाणाऱ्या म्युझिक प्लेअरमध्ये संगणकावर नीट चालणारा ड्राइव्ह चालत नाही, असा अनुभव वारंवार येतो. त्याचे कारण बहुधा वर सांगितलेला फाइल प्रणालीतील फरक असतो. धक्क्यांमुळे प्लेअरच्या पोर्टची जोडणी सैल होणे हे दुसरे कारण आहे. ड्राइव्ह उघडतो पण मराठी मजकूर अगम्य चिन्हांत दिसतो, ही तक्रार मात्र ड्राइव्हची नसते. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्याने तसे घडते.

ड्राइव्हमधील सर्वच माहिती सारख्या मोलाची नसते. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, आणि शालेय गुणपत्रिकांसारखी अनेक कागदपत्रे २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून पुन्हा घेता येतात. विवाहाचे चित्रीकरण, दिवंगत व्यक्तीचे छायाचित्र किंवा विद्यार्थ्याचा प्रकल्प मात्र पुन्हा कोठूनही मिळत नाही. पुनर्प्राप्तीचा वेळ व खर्च ठरवताना हा फरक निर्णायक ठरतो.

प्रतिबंध

• महत्त्वाच्या माहितीच्या किमान दोन प्रती, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. पेनड्राइव्ह हे माहिती नेण्याचे साधन आहे, दीर्घकाळ जतन करण्याचे नव्हे.
• ड्राइव्ह काढण्यापूर्वी संगणकातील सुरक्षित काढण्याचा पर्याय वापरावा. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून तात्काळ काढण्याची पद्धत मूलतः लागू असली, तरी फाइलची नक्कल चालू असताना ड्राइव्ह काढल्यास नुकसान होतेच.
• फाइल थेट ड्राइव्हवर उघडून संपादित करू नये. ती संगणकावर उतरवून काम करावे आणि नंतर ड्राइव्हवर पाठवावी.
• छपाईसाठी दुकानात देताना केवळ आवश्यक फाइल असलेला वेगळा ड्राइव्ह वापरावा. परत आल्यावर त्याची विषाणू तपासणी करावी.
• फ्लॅश स्मृतीतील विद्युतभार उष्णतेत लवकर घटतो. त्यामुळे उन्हाळ्यात ४० अंश सेल्सिअसहून अधिक तापणाऱ्या सोलापूरसारख्या जिल्ह्यांत ड्राइव्ह बंद वाहनात ठेवू नये.

हेसुद्धा पाहा

• फ्लॅश स्मृती
• संगणक विषाणू
• फाइल प्रणाली
• सी-डॅक
• मोहोळ तालुका